रागालोभाचं कार्डिगन

आराखड्यांना आयुष्यात ‘करा’ असं फारसं कुणी सांगितलं नव्हतं. ‘राहू द्या’ असं मात्र पुष्कळांनी सांगितलं होतं. ऑफिसात साहेबांनी, घरात बायकोने, आणि एकदा दाढी करून घेता घेता ते वस्तऱ्याच्या कोनाबद्दल बोलू लागले तेव्हा न्हाव्यानेसुद्धा.

आराखडे हे त्यांचं आडनाव नव्हे. बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांची उभी हयात गेली, आणि कुठलंही काम समोर आलं की आधी त्याचा आराखडा काढायचा ही खोड निवृत्तीनंतरही गेली नाही, म्हणून इमारतीने त्यांना हे नाव ठेवलं. खरं आडनाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. त्यांचे आराखडे सुंदर असत, याबद्दल वाद नव्हता. वाद असे तो पुढच्या भागाबद्दल. घरातल्या पुस्तकांच्या कपाटाला दारं नव्हती, कारण दारांचा आराखडा इतका उत्तम झाला की कपाटच त्या लायकीचं वाटेना. बाल्कनीची भिंत हात पोचेल तिथपर्यंत निळी आणि त्याच्या वर मूळची पांढरी होती. पाहुण्यांना ती मुद्दाम केलेली रंगसंगती आहे असं सांगितलं जाई. शिवाय एक तीन पायांचं स्टूल होतं. ते चार पायांचं होणार होतं.

अशा घरात राहून जी व्यक्ती हसतमुख राहिली होती, ती म्हणजे त्यांची पत्नी. त्या रक्तपेढीत काम करत, म्हणून सगळी इमारत त्यांना मॅडम म्हणे. रक्तपेढीतला गारवा रक्तासाठी असतो, माणसांसाठी नव्हे, त्यामुळे ‘जरा एसी कमी करा हो’ असं म्हणायची तिथे सोय नसते. बारा महिने मॅडम घरी येत त्या तळहात काखेत धरूनच. आणि आता येत्या पहिल्या तारखेपासून त्यांच्याकडे शीतखोलीचा चार्ज येणार होता. रक्ताच्या पिशव्या जिथे साठवतात त्या खोलीपुढे बाहेरचा गारवा म्हणजे उन्हाळाच म्हणायचा.

“एक स्वेटर घ्यायला हवा,” मॅडम एका संध्याकाळी चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाल्या.

“मी विणतो,” आराखडे म्हणाले.

हे वाक्य आपल्या तोंडून कसं गेलं याचं त्यांनाही नवल वाटलं. दुपारी मोबाइलवर त्यांनी एका माणसाला क्रोशाच्या सुईने विणताना पाहिलं होतं, तेवढं निमित्त झालं. त्या माणसाला भरघोस दाढी होती, तो सारखा हसत होता, आणि चहा निवायच्या आत त्याची टोपी तयार झाली होती. एवढं सोपं काम आजवर बायकांनी अवघड म्हणून का सांगितलं, असा संशयही आराखड्यांना येऊन गेला होता.

मॅडमनी कपाटाच्या नसलेल्या दारांकडे एकदा पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या मायेने म्हणाल्या, “राहू द्या हो. तुमचा आराखडा छान असतो. वस्तू मी विकत आणते.”

हे आराखड्यांना झोंबलं. टोमणा माणूस परतवू शकतो, मायेला काय उत्तर देणार? ते ताठ बसले आणि म्हणाले, “पहिल्या तारखेला तू माझ्या हातचं कार्डिगन घालून शीतखोलीत जाशील.”

“स्वेटर?”

“स्वेटर नव्हे. पुढून उघडतं ते कार्डिगन.”

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ही गोष्ट रक्तपेढीत सांगितली. कौतुकाने सांगितली की गंमत म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता, पण संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा तिथली झाडून सगळी माणसं पहिल्या तारखेची वाट बघत होती. आता माघार घेणं म्हणजे सगळ्या रक्तगटांसमोर नाक कापून घेणं होतं.

आराखड्यांनी रीतसर सुरुवात केली. मोजमापासाठी साइटवरची पोलादी टेप काढली. ती पाठीला लागल्याबरोबर मॅडम एवढ्या दचकल्या की पहिलं माप खांदे कानाशी असतानाचं आलं. मग मोठ्या कागदावर कार्डिगनचा समोरून देखावा, मागून देखावा आणि काखेतून घेतलेला छेद असे तीन नकाशे तयार झाले. कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाणही होता. कार्डिगनला उत्तर दिशा कशाला, असं मॅडमनी विचारलं. “सवय,” आराखडे म्हणाले.

लोकरीच्या दुकानात आणखी एक पेच उभा राहिला. आराखड्यांनी एकूण क्षेत्रफळ काढून नेलं होतं.

“साहेब, लोकर वजनावर मिळते,” दुकानदार म्हणाला. “बाई अंगाने कशा आहेत ते सांगा, मी अंदाज देतो.”

या प्रश्नाला लग्न झालेल्या माणसाकडे सुरक्षित उत्तर नसतं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं कान देऊन उभी होती. “मध्यम,” आराखडे शेवटी म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी हात मागे बांधून घेतले, न जाणो हातांनी काही वेगळं दाखवलं तर! रंगाबद्दल मॅडमची एकच अट होती: लाल सोडून काहीही, लाल दिवसभर बघते. तेव्हा जाड, मऊ, पिकल्या लिंबाच्या रंगाची लोकर ठरली. “एक लड जास्त घ्या. हा रंग पुन्हा असाच येईल याची खात्री नाही,” दुकानदार म्हणाला. आराखड्यांनी त्याला आपला नकाशा दाखवला आणि आपल्या कामात वाया काही जात नसतं असं ऐकवलं. दुकानदाराने लोकर तोलून दिली.

गुरू शोधायला फार लांब जावं लागलं नाही. समोरच्या दारात लोकरकाकू राहत. इमारतीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाला काकूंच्या हातचं टोपडं बसलेलं होतं, बाळाची तयारी असो वा नसो. काकूंचा एक डोळा कायम गॅसवर असे, म्हणून त्या आपल्या उंबऱ्यात बसून शिकवत, आणि आराखडे लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत, तीन पायांचं स्टूल भिंतीला टेकवून, शिकत.

“ही साखळी,” काकूंनी सुई फिरवून दाखवली. “हा खांब. हा अर्धा खांब. आणि हा बुटका, तो मुका खांब.”

आराखड्यांचा चेहरा उजळला. “खांब? अहो काकू, हे तर आमचंच खातं! जन्मभर मी खांबच काढत आलो.”

“सरळ उभे राहायचे का ते?”

“ते बघायचं काम माझ्याकडे नव्हतं.”

“तरीच,” काकू म्हणाल्या, आणि भाजी करपल्याचा वास आला म्हणून आत गेल्या.

सुरुवातीचे दिवस गुंत्यात गेले. बोटांना सुई ऐकेना, सुईला लोकर ऐकेना. पण कौतुकाची गोष्ट अशी की आराखड्यांनी काम टाकलं नाही. पाठ पुरी झाली तेव्हा ती नकाशावर ठेवून पाहिली. जवळजवळ जुळली. त्यांनी ती खुर्चीच्या पाठीवर अशी टाकून ठेवली की घरात येणाऱ्याला दुसरीकडे बघताच येऊ नये.

आणि घरात आली ती मॅडमची थोरली बहीण, मुक्कामाला. आराखडे तिला ताई म्हणत आणि शक्यतो दुसऱ्या खोलीतून म्हणत. ताईंनी आल्या आल्या चष्मा लावून घराची पाहणी केली. “कपाटाला अजून दारं नाहीत वाटतं. छान, हवा खेळती राहते,” त्या म्हणाल्या. मग खुर्चीकडे वळल्या. “आणि हे काय? पायपुसणं?”

“कार्डिगनची पाठ आहे ती,” आराखडे म्हणाले.

“पुरुषमाणसाने सुई हातात धरावी, पण तो डॉक्टर असेल तर,” ताई म्हणाल्या.

पुढे ताई होत्या तोवर दर जेवणाला आराखड्यांची एक जुनी अर्धवट गोष्ट बाहेर निघे. काही गोष्टी तर आराखडेही विसरले होते. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. मेहुणीला उत्तर देणं म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात पडणं, हे अनुभवाने त्यांना माहीत होतं. ते फक्त खाली मान घालून विणत राहिले आणि त्या काळात कार्डिगनचा उजवा पुढचा भाग विणून झाला. ताई गेल्या. घरात शांतता पसरली. मॅडम कामावरून आल्या की दोघं बाल्कनीत निळ्या-पांढऱ्या भिंतीला टेकून बसत, चहा पीत, आणि अशा सुखात डावा भागही पुरा झाला.

दोन्ही भाग घेऊन आराखडे विजयी मुद्रेने काकूंच्या दारात गेले. काकूंनी एक भाग एका हातात धरला, दुसरा दुसऱ्या हातात, आणि त्यांचा गॅसवरचा डोळासुद्धा इकडे वळला. उजवा भाग मॅडमच्या कमरेच्या बराच वर थांबत होता. डावा भाग गुडघ्याच्या दिशेने निघाला होता.

“हे कुणी विणलं?” काकूंनी उजवा भाग हलवला.

“मीच.”

“आणि हे?”

“तेही मीच. काकू, दोन्हीकडे तेवढेच खांब आहेत, तेवढ्याच ओळी आहेत. मी मोजलेत. म्हणजे हे असं होणं शक्यच नाही.”

“शक्य नाही ते माझ्या हातात लोंबतंय,” काकू म्हणाल्या. “हा उजवा विणताना घरी कोण होतं?”

“मेहुणी.”

“आणि हा?”

“हा विणताना कुणी नाही. आम्ही दोघंच.”

काकूंनी सावकाश मान हलवली. “हाताला सगळं कळतं हो. मनात राग असला की टाका आवळतो, जीव निवांत असला की सुटतो. माझ्या मोठ्याचं लग्न ठरत होतं तेव्हा मी पलंगपोस विणायला घेतला होता. शेवटी तो उशीला घातला.”

आराखड्यांनी मनातल्या मनात नकाशा तपासला. नकाशात त्यांनी सगळं धरलं होतं. खांदे धरले, काख धरली, उत्तर दिशा धरली. मेहुणी धरली नव्हती.

दोन्ही भाग सैल करायचे तर लोकर पुरत नव्हती. दुकानात जाऊन आले, पण तो रंग संपला होता, आणि दुकानदाराने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. बारीक सुई घेऊन पाहिली, तर वीणच वेगळी दिसायला लागली, एकाच इमारतीला दोन कंत्राटदार लावल्यासारखी. एकच मार्ग उरला. डावा भाग उसवून पुन्हा विणायचा, आणि तो रागात विणायचा.

उसवण्याआधी हात आवळतो का ते बघायला त्यांनी बाजूच्या लोकरीवर नमुन्याच्या ओळी घालायला घेतल्या. पण राग म्हणजे काही पाण्याचा नळ नव्हे. आराखड्यांनी वर्तमानपत्रातली पत्रं वाचून पाहिली, डुलकी लागली. टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागाला फोन लावला, तर पलीकडे इतकं सुरेख संगीत लागलं होतं की त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला. शेवटी मन घट्ट करून थेट ताईंना फोन केला. नेमक्या त्या दिवशी ताई म्हणाल्या, “अजून विणताय? चिकाटी आहे हो तुमची!” त्या एका वाक्याने दोन ओळी वाया गेल्या.

संध्याकाळी त्यांनी मॅडमना गाठलं. “अगं, जरा भांड ना माझ्याशी.”

“कशावरून?”

“कशावरूनही. कपाटाची दारं घे.”

“त्याची सवय झाली आता. पुस्तक पटकन काढता येतं.”

“मग बाल्कनीची भिंत?”

“आवडते मला ती,” मॅडम म्हणाल्या, आणि हसून स्वयंपाकघरात गेल्या.

आराखड्यांच्या हातून पुढचे खांब एवढे मोठे पडले की त्यातून करंगळी आरपार गेली. भांडणाच्या बाबतीत बायकोने असा ऐन वेळी असहकार पुकारावा हे त्यांना मुळीच आवडलं नाही. पण त्याचाही राग येईना.

राग आला तो लिफ्टमधून. झालं असं. आराखडे स्टुलावर बसून डावा भाग मांडीवर घेऊन विचार करत होते, उसवायला हात धजत नव्हता. लोकरीचा गुंडा पायाशी होता. सोसायटीचे सेक्रेटरी वरच्या मजल्यावरून खाली निघालेले, कुणाला तरी गाठून चार गोष्टी सुनवाव्यात म्हणून या मजल्यावर उतरले, तो माणूस घरी नाही म्हणून परत लिफ्टकडे वळले. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. सेक्रेटरींचा बूट गुंड्याला लागला आणि गुंडा त्यांच्या आधी लिफ्टमध्ये शिरला. सेक्रेटरींनी दार ओढलं. आराखडे “अहो, अहो, लोकर!” म्हणेपर्यंत लिफ्ट हलली होती.

गुंडा नुसता उलगडत गेला असता तर निभावलं असतं. पण धागा दाराच्या चाकात अडकला, आणि लिफ्ट खाली जाऊ लागली तसा कार्डिगनचा डावा भाग आराखड्यांच्या हातात उसवू लागला. ओळीमागून ओळ सुटत होती. सोडावं तर सगळंच जाणार, धरावं तर हात जाणार! ते उठले, स्टूल आडवं झालं, आणि उरलेला तुकडा छातीशी धरून ते जिन्याने लिफ्टच्या मागे धावले. पहिल्या वळणावर गळा गेला. दुसऱ्या वळणावर काख गेली. त्यांनी एवढे दिवस जिवावर येतं म्हणून पुढे ढकललेलं काम लिफ्टने एका दमात केलं. शेवटची ओळ सुटली तेव्हा चाकात एवढी लोकर गुंडाळली गेली होती की लिफ्ट कण्हली आणि दोन मजल्यांच्या मधोमध थांबली.

आराखडे उभे होते तिथून त्यांना सेक्रेटरींचे फक्त बूट दिसत होते. पण बुटांवरूनही राग कळत होता.

“कोण आहे तिकडे?” बूट ओरडले.

“मी आराखडे. तुम्ही ठीक आहात ना? आणि गुंडा?”

दुसरा प्रश्न विचारायला नको होता, हे त्यांना नंतर कळलं.

लिफ्टवाला मेकॅनिक आला. “कापावं लागेल,” तो चाकाकडे बघून म्हणाला.

“कापू नका!” आराखडे कळवळले. “हा रंग परत मिळत नाही.”

“साहेब, लिफ्ट महत्त्वाची की लोकर?”

“मी महत्त्वाचा!” लिफ्टमधून आवाज आला.

मेकॅनिक भला माणूस निघाला. त्याने सगळी लोकर सोडवली, आराखड्यांनी ती गुंड्यावर गुंडाळली, आणि सेक्रेटरी एकदाचे बाहेर आले. बाहेर येताच त्यांनी हात पुढे केला. “तो गुंडा इकडे द्या. पुरावा आहे तो.”

गुंडा सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात कुलपाआड गेला. दुसऱ्या दिवशी आराखड्यांच्या दाराला नोटीस लागली: सामायिक जागेत खासगी लोकर मोकाट सोडून उद्वाहन यंत्रणेस अडथळा केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये? मोकाट! जन्मात ज्यांनी कुत्रंसुद्धा पाळलं नव्हतं त्या माणसाला हा शब्द! महिना संपत आला होता, डावा भाग नाहीसा झाला होता, आणि तो विणायची लोकर पुरावा होऊन बसली होती.

सभा रविवारी दुपारी भरली. टेबलाच्या मधोमध गुंडा ठेवला होता. आराखडे टेबलाच्या या बाजूला, आरोपीच्या खुर्चीत बसले. मागे भिंतीपाशी काकू बसल्या होत्या, विणकामाच्या जाणकार म्हणून, कुणी बोलावलेलं नसताना. सेक्रेटरींनी घटनाक्रम वाचायला सुरुवात केली. “दिनांक अमुक रोजी सदर इसम सदर स्टुलावर बसला असता...”

सदर इसम! आराखड्यांच्या कानशिलांत गरम झालं. त्यांनी टेबलावर लोंबणारं लोकरीचं टोक हळूच खाली ओढलं, खिशातून सुई काढली, आणि टेबलाखाली साखळी घालायला सुरुवात केली. टाका असा आवळून बसला की सुई करकरली. काकूंनी मागून वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “हं. चालू द्या.”

सोसायटीची सभा आणि मारुतीचं शेपूट, दोन्ही लांबत जातात. खजिनदारांनी विचारलं, हे विणकाम विक्रीसाठी आहे का? असेल तर तो व्यवसाय होतो, आणि व्यवसायाला ना हरकत लागते. विक्रीसाठी नाही, बायकोसाठी आहे, असं आराखड्यांनी सांगितलं. यावर तळमजल्यावरचे एक गृहस्थ मोठ्याने हसले, आणि डाव्या भागाची कडा पक्की झाली. मग तीन पायांच्या स्टुलाचा विषय निघाला. असं स्टूल सामायिक जागेत ठेवणं हा वेगळा गुन्हा आहे का, यावर दोन मतं पडली. मग पाण्याची टाकी मध्येच आली, तिचा लोकरीशी काही संबंध नसताना. “ह्यांचं कुठलंही काम असंच अर्धवट असतं,” कुणीतरी म्हणालं. आराखड्यांनी वर पाहिलं नाही. खांबामागून खांब, सगळे ताठ, सगळे एका मापाचे. नोकरीत असताना त्यांना इतकं कुणी बोललं असतं तर त्यांच्या हातून धरणं झाली असती.

बाहेर दिवे लागले तेव्हा सेक्रेटरी शेवटच्या मुद्द्यावर आले. “आता सभासदांनी प्रत्यक्ष पुरावा पाहावा,” ते म्हणाले, आणि त्यांनी टेबलाकडे हात केला.

टेबलावर हातभर धागा होता. तोसुद्धा सगळ्यांच्या देखत हळूहळू टेबलाच्या कडेवरून खाली उतरत होता.

“पुरावा कुठे गेला?”

“एवढी ओळ होऊ द्या,” आराखडे म्हणाले. ओळ पुरी करून, टोक ओढून त्यांनी गाठ मारली आणि डावा भाग टेबलावर ठेवला. “पुरावा सुरक्षित आहे. फक्त तो बांधून पुरा झाला आहे.”

काकू तरातरा पुढे आल्या. त्यांनी पिशवीतून उजवा भाग काढून त्यावर पसरला. तसूभरही फरक नव्हता. मेहुणीने केलं ते सगळ्या कमिटीने मिळून केलं होतं. “वा!” काकू म्हणाल्या, आणि खजिनदारांनी चुकून टाळी वाजवली. सेक्रेटरींनी आराखड्यांकडून लेखी दिलगिरी घेण्याचा ठराव घाईघाईने पास करून घेतला. त्या दिलगिरीच्या तिरमिरीत आराखड्यांनी दोन दिवसांत एक बाहीही उरकली. ती मनगटावर बरोब्बर बसेल अशी, घट्ट आणि शिस्तीची झाली.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी दुसरी बाही राहिली होती. शेवटची लड उलगडून गुंडा करायचा होता. मॅडम कामावरून आल्या, त्यांनी हात धुतले, समोर बसल्या आणि लड धरायला दोन्ही हात पुढे केले. लड त्यांच्या हातांवर चढवताना आराखड्यांची बोटं त्यांच्या बोटांना लागली. बोटं गार होती, नेहमीसारखी.

“उद्या जरा भीती वाटते,” मॅडम एकदम म्हणाल्या.

“कसली? तुला?”

“मागे बदलीवर दोन दिवस होते ना मी त्या खोलीत. बोटं बधिर झाली होती. एक पिशवी सुटली हातातून.” त्या लोकरीकडे बघत होत्या. “कुणी काही बोललं नाही. पण कुणीतरी आपल्या दंडातून काढून दिलेलं असतं हो ते. मी घरी सांगितलं नव्हतं.”

आराखडे गुंडाळत राहिले. आपण इतके दिवस हे कार्डिगन ताईंना, सेक्रेटरींना, त्या हसणाऱ्या दाढीवाल्याला दाखवायला विणत होतो, आणि ही माणसासारखी माणूस रोज समोर बसून काखेत हात धरून चहा पीत होती, हे त्यांच्या आता लक्षात आलं. राग नावाला उरला नाही. त्यांनी विणायला घेतलं, मॅडम शेजारी बसून रक्तपेढीतल्या गमती सांगत राहिल्या, आणि हात सैल पडतोय हे कळत असूनही त्यांना तो आवळता येईना. बाही वाढत गेली, मनगट ओलांडून गेली. आराखड्यांनी हाताने ताणून, दाबून पाहिलं, पण खांब काही आखडेनात. शेवटी तशीच जोडली आणि बटणं लावली.

सकाळी मॅडमनी कार्डिगन अंगात घातलं. उजवा हात नीट बसला. डावा हात दिसेनासा झाला. बाही बोटांच्या टोकांपर्यंत आली होती.

“राहू दे,” आराखडे स्वतःच म्हणाले. “वाटेत विकतचा घेऊन जा. मी...”

“पहिली तारीख आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी पर्स घेतली आणि एक हात असलेल्या आणि एक हात नसलेल्या अशा त्या लिफ्टमध्ये शिरल्या.

तो दिवस आराखड्यांनी बाल्कनीत काढला. आता सगळी रक्तपेढी हसत असेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि इथे तर हातही दिसत नव्हता. संध्याकाळी दाराशी चावी वाजली तेव्हा त्यांनी उगाच पुस्तक उघडलं. मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पहिल्यांदा उजवा हात आराखड्यांच्या गालाला लावला. बर्फ. मग डावा लावला. तो उबदार होता.

“असा आत घेतला, अंगठा एका मोठ्या खांबातून बाहेर काढला, आणि वरून हातमोजा चढवला,” त्या म्हणाल्या. “दिवसभर सगळ्या पिशव्या याच हाताने धरल्या. तिथल्या सगळ्याजणी विचारत होत्या, अशी बाही कुठे मिळते.” मग त्यांनी कार्डिगन काढून आराखड्यांच्या मांडीवर ठेवलं. “ती उजवी उसवा. तीही अशीच करा.”

“काय म्हणालीस?”

“करा म्हटलं.”

आराखड्यांनी नकाशा काढला नाही. माप घेतलं नाही. सरळ सुई उचलली. त्या आनंदात ते असे काही विणत सुटले की दुसऱ्या दिवशी काकू बघायला आल्या तेव्हा लोकर संपत आली होती, खांबांतून पलीकडची भिंत दिसत होती, आणि बाही आराखड्यांच्या मांडीवरून उतरून जमिनीला लागली होती. काकूंनी तिचं टोक उचलून पाहिलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली.

“अगं, बाहेर ये. यांच्याशी आता जरा भांड!”